सरकारी नोकरीतले समाधान : बँकेच्या खिडकीतून

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला विषय दिला तो 'सरकारी नोकरांची प्रेरणा आणि समाधान' असा. विषय भारदस्त आहे आणि आम्ही काही व्याख्याते नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर, सरकारी बँकेत कारकून, वय चव्वेचाळीस. काउंटरवर बसून लोकांचे पैसे घेणे-देणे हे आमचे काम. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि खिडकीतून दिसलेले जास्त, असे हे बोलणे राहील. आमच्या बँकेचे नाव आम्ही घेणार नाही. कारण जे सांगायचे आहे ते एका बँकेपुरते नाही.

परवा दांडिया बाजारात एका लग्नात पंगतीला बसलो असता शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुमचे काय बुवा, सरकारचे जावई! पहिल्या तारखेला पगार जमा, कोणी काढून टाकत नाही. तुम्हाला कमी काय आहे?" पंगतीत हसे पिकले, आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरेच, कमी काय आहे? आणि कमी काही नसेल, तर संध्याकाळी शाखेचे शटर खाली ओढताना तोंडे उतरलेली का असतात?

आपण बडोद्याची मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या चाकरीची. गायकवाडांच्या राज्यात आपले पूर्वज आले ते बहुतेक शिपाईगिरीत नाही तर कारकुनीत. आमचे पणजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, आजोबा रेल्वेत, वडील बँकेत आणि आता आम्ही बँकेत. घरात कोणी दुकान टाकले नाही की कारखाना काढला नाही. 'मुलगा कुठे चिकटला?' हाच आपल्याकडचा पहिला प्रश्न. चिकटणे हा शब्दच बघा. एकदा चिकटला की प्रश्न संपला, असे आपण मानतो. तो चिकटल्यानंतर पस्तीस वर्षे त्याच्या मनाचे काय होते, हे कोणी विचारत नाही. आज तेच विचारायचे आहे.

बी.कॉम.ला आम्हाला व्यवस्थापनाच्या पेपरात फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. काउंटरवर दहा वर्षे काढल्यावर तो समजू लागला. हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांना विचारले, की कामात तुम्हाला विशेष बरे केव्हा वाटले आणि विशेष वाईट केव्हा वाटले? त्याचे पुस्तक १९५९ साली निघाले. त्याला असे आढळले की बरे वाटण्याची आणि वाईट वाटण्याची कारणे वेगवेगळी असतात. पगार, नियम, साहेबाची वागणूक, बसायची जागा या गोष्टी वाईट असल्या तर माणूस कुरकुरतो. त्या सुधारल्या तर कुरकुर थांबते, पण तेवढ्याने समाधान येत नाही. समाधान येते ते हातून काही चांगले घडले, कोणी त्याची दखल घेतली, काम स्वतःच अर्थाचे वाटले, जबाबदारी मिळाली, पुढे वाट दिसली, यांतून.

आमच्या भाषेत सांगायचे तर पगार हा मिठासारखा आहे. मीठ नसेल तर जेवण घशाखाली उतरत नाही, पण मिठाने कोणाचे पोट भरत नाही.

आता मिठाचा हिशेब आधी करू, म्हणजे पंगतीतल्या गृहस्थांना उत्तर मिळेल. बँक कर्मचाऱ्यांचे वेतन संघटना आणि बँकांची संघटना यांच्यातील द्विपक्षीय कराराने ठरते. पहिला करार १९६६ साली झाला. बारावा ८ मार्च २०२४ रोजी सही झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. वेतनखर्चात १७ टक्के वाढ मिळाली. आम्ही कृतघ्न नाही. या कराराने घराचे हप्ते सुसह्य झाले. खासगी कंपनीत रात्री एक ई-मेल येतो आणि सकाळी नोकरी नसते, तसले भय आम्हाला नाही. पगाराची रड गायला आम्ही इथे उभे नाही.

तरी मिठातही खडे आहेत. आम्ही २००९ साली लागलो, म्हणून आम्हाला जुने निवृत्तिवेतन आहे. आमच्या शेजारच्या खिडकीतली मुलगी दोन वर्षांनी लागली. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना नवी अंशदायी योजना. दोघांचे काम एक, रांग एक, शिव्या एक. म्हातारपण मात्र वेगळे. ती कधी बोलून दाखवत नाही. पण नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा एकेकाचा कागद हातात घेऊन ती क्षणभर बघत राहते. ते आमच्या नजरेतून सुटत नाही.

त्याच बाराव्या करारात आमचे नावही बदलले. 'क्लार्क' जाऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' आले. घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे बढती झाली का?" आम्ही म्हटले, "नाही गं, पाटी बदलली."

आता मुख्य मुद्दा. काम कठीण असले की समाधान जाते, असे लोक समजतात. आमचा अनुभव उलटा आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १० तारखेला बँका उघडल्या आणि पुढचे पन्नास दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. शनिवार-रविवारही शाखा उघडी होती. रोज नवे परिपत्रक. रात्री दहाला रोकड जुळायची, एखाद्या दिवशी जुळायचीच नाही आणि कमी पडलेले पैसे रोखपालाने स्वतःच्या खिशातून भरायचे. त्या निर्णयाचे बरे-वाईट काय ते इथे काढत नाही, मंडळात त्यावर दोन तट आहेत. आम्ही फक्त कामाविषयी बोलतो. त्या पन्नास दिवसांत आम्ही थकलो, पण कंटाळलो नाही. कारण समोर उभ्या माणसाला नेमके काय हवे आहे ते दिसत होते आणि ते देणे आमच्या हातात होते. मुलीच्या लग्नाचे पैसे, दवाखान्याचे पैसे, मजुरांची मजुरी. रांगेतल्या एका आजीबाईंनी डब्यातून शिरा आणून दिला होता. त्या दिवसांत कोणी बक्षीस लावले नव्हते की कोणी टार्गेट दिले नव्हते.

जन धन खात्यांचेही तसेच. २८ ऑगस्ट २०१४ रोजी योजना सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरात सुमारे दीड कोटी खाती उघडली गेली. ऑगस्ट २०२३ पर्यंत ही संख्या ५० कोटींच्या पुढे गेली आणि त्यांतली बहुतांश खाती सरकारी बँकांत आहेत. भांडी घासणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पासबुक हातात घेतले आणि पदराने पुसले, हे आम्ही पाहिले आहे. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाचे आमचे वडील सांगत, की शेतकऱ्याला आणि रिक्षावाल्याला कर्ज द्यायचे, म्हणून आपली बँक सरकारी झाली. त्यांना ते पटले होते. त्या एका वाक्यावर त्यांनी १९७४ पासून २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीपर्यंत नोकरी केली.

आमच्या वाट्याला दुसरे वाक्य आले. 'आजचे किती?'

सकाळी शाखा उघडण्याआधी मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये वरच्या कार्यालयाचा संदेश पडतो. आज विमा किती, कार्ड किती, अॅप किती. संध्याकाळी तक्ता येतो. ज्या शाखेचा आकडा शून्य तिचे नाव लाल रंगात. पैसे मोजणे, पासबुक भरणे, म्हाताऱ्या माणसाला फॉर्म लिहून देणे या कामांचा तक्ता नसतो. ज्याचा तक्ता नाही ते काम नाही, असे हळूहळू होत गेले.

इथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे बोलणे खोटे ठरेल.

काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येत. आपलेच मराठी, रावपुऱ्याकडचे. पेन्शन लहान, पण प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्यांनी मुदत ठेवीत ठेवले होते. ती ठेव पुरी झाली. त्यांना ती पुन्हा ठेवायची होती, तेवढ्यासाठीच ते आले होते. आमच्या शाखेचे नाव तीन दिवस लाल रंगात होते. मॅनेजर स्वतः बदलीच्या भीतीने काळवंडलेले. त्यांनी आम्हाला खूण केली. आम्ही काकांना आत बसवले, चहा मागवला आणि एक विमा पॉलिसी समजावली. खोटे एक अक्षर बोललो नाही. फक्त हप्ता दरवर्षी भरावा लागेल हे एकदाच, भरभर सांगितले. काका म्हणाले, "तुम्ही म्हणता ना, मग झाले." आणि सही केली.

त्या संध्याकाळी ग्रुपमध्ये आमचे नाव आले. खाली टाळ्यांची चित्रे. आम्हाला बरे वाटले. हे लपवण्यात अर्थ नाही, बरे वाटले.

पुढच्या मार्चमध्ये काका नोटीस घेऊन आले. "अहो, हे पैसे परत का मागतात? मी तर ठेव ठेवली होती ना?" पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पहिल्या वर्षात बंद केली तर तेव्हाच्या नियमांप्रमाणे हाती जवळजवळ काही येत नव्हते. काकांनी ओढाताण करून काही हप्ते भरले आणि शेवटी तोटा सोसून ती बंद केली. त्यांनी तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. पण तेव्हापासून पेन्शन काढायला आले की ते दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभे राहतात. आमची खिडकी मोकळी असली तरी.

बंधु-भगिनींनो, समाधान कशाने जाते असे कोणी आम्हाला विचारले तर आम्ही त्या रांगेकडे बोट दाखवू. १७ टक्के वाढीने ते भरून आलेले नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही विम्याच्या चुकीच्या विक्रीबद्दल बँकांना जाहीरपणे सुनावले आणि बँकांनी आपल्या मूळ कामाकडे लक्ष द्यावे असे सांगितले. चांगले झाले. पण सकाळचा संदेश अजून थांबलेला नाही.

दुसरे कारण माणसे कमी असण्याचे. सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार १ डिसेंबर २०२१ रोजी सरकारी बँकांत मंजूर जागा ८ लाख ५ हजारांवर होत्या आणि त्यांतल्या ४१ हजारांवर रिकाम्या होत्या. कोणी म्हणेल, हे तर पाचच टक्के! पण मंजूर जागा किती असाव्यात हेच आधी आखडते धरलेले असते. आमच्या शाखेत पूर्वी चार खिडक्या चालत, आता दोन चालतात आणि एकजण रजेवर गेला की एक. रांगेतल्या माणसाला आमचा आळस दिसतो, रिकामी खुर्ची दिसत नाही. मशीन आले, मोबाईल आला, हे खरे. पण ज्याला मोबाईल जमतो तो शाखेत येतच नाही. येतो तो ज्याला वेळ द्यावा लागतो असाच माणूस.

तिसरे, नावाचा अभिमान. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या, २०२० च्या एप्रिलपासून १२ उरल्या. इंदूरच्या आपल्या बांधवांनी होळकरांच्या आश्रयाने निघालेली बँक २०१० साली स्टेट बँकेत जाताना पाहिली, हैदराबादकरांनी २०१७ साली पाहिली. विलीनीकरण आर्थिकदृष्ट्या योग्य असेलही. पण तीस वर्षे ज्या नावाने माणसाने स्वतःची ओळख सांगितली ते नाव एका सकाळी पाटीवरून उतरते, तेव्हा त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले का? बडोदेकरांना हे समजायला हरकत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, ती आपल्या गावाच्या नावाने जगभर गेली. त्या नावाचे कौतुक आपल्याला आहेच.

चौथी गोष्ट बढतीची. इथे दोष आपला आहे. आम्हाला अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसण्याची संधी दोनदा आली आणि दोन्हीदा आम्ही फॉर्म भरला नाही. कारण बढती म्हणजे बदली. घरी आई, मुलांच्या शाळा, पणजोबांनी बांधलेले घर. या सभेतल्या किती जणांनी असेच केले आहे, हात वर करायला सांगत नाही. पण मग पंधरा वर्षे तेच काम करून 'पुढे वाट नाही' अशी तक्रार करायची, हेही बरे नव्हे. आणि बँकांनीही विचार करावा, की जवळच्या जिल्ह्यात नेमणूक दिली तर किती चांगली माणसे पुढे येतील.

आता मानाची गोष्ट. आपल्या गावाच्या इतिहासातले एक पान मुद्दाम उघडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले आणि करारानुसार १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राजा गुणग्राही, पगार ठरलेला, पद चांगले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. गावात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढले. ते बडोदे सोडून गेले. बडोद्याचे नुकसान किती झाले ते सांगायला नको. त्या कचेऱ्यांत तेव्हा कारकून कोण होते? आमच्या पणजोबांची पिढी होती. त्यांतल्या कोणी उठून 'असे करू नका' म्हटल्याचे आमच्या घरात तरी कोणी कधी सांगितले नाही.

हे आज का सांगायचे? कारण कामातला मान वरून येतो असे आपण समजतो. साहेबाने पाठ थोपटली पाहिजे, सरकारने किंमत केली पाहिजे. मान शेजारच्या टेबलावरूनही येतो किंवा जातो. आमच्या शाखेत रोजंदारीवर एक सफाईवाला आहे. तो वर्षानुवर्षे रोजंदारीवरच आहे. आम्ही संपावर जातो तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याच्या समाधानाचा पेपर कोणी काढला आहे का?

आणि खिडकीच्या पलीकडचा माणूस. 'बँकवाले उद्धट असतात' असे लोक म्हणतात, ते सगळेच खोटे नाही. नियम दाखवून माणसाला परत पाठवायला दोन मिनिटे लागतात, मार्ग काढून द्यायला वीस. रांग मोठी असते हे खरे, पण कधी कधी नसतेही.

मग मागायचे काय? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली संघटनेकडे आणि सरकारकडे. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांचा संप पुकारला होता, तो बोलण्यांनंतर पुढे ढकलला गेला. त्यात पुरेशी भरती, पाच दिवसांचा आठवडा, कामगिरीच्या मूल्यमापनाबाबतची परिपत्रके असे मुद्दे होते. भरतीची मागणी सर्वांत वर ठेवा, सुट्टीची नंतर. आणि तिच्याबरोबर लेखी मागा, की काउंटरवरच्या माणसाला विमा विकण्याचे टार्गेट असणार नाही. ही मागणी ग्राहकही आपल्याबरोबर करतील. संपाच्या दिवशी लोक आपल्या बाजूने का नसतात, याचे उत्तर यात आहे.

दुसरी या मंडळाकडे. आपण मुलांसाठी बँकेच्या परीक्षेचे मार्गदर्शन वर्ग भरवतो, ते चांगले काम आहे. पण त्या वर्गात एक तास नोकरी लागल्यानंतरच्या गोष्टींचाही असावा. टार्गेटला 'नाही' कसे म्हणायचे, लेखी आदेश कसा मागायचा, संघटनेकडे केव्हा जायचे. आम्हाला कोणी हे शिकवले असते तर काकांची रांग बदलली नसती. आणि महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या खोलीत आपल्याच ज्येष्ठांचे बँकेचे कागद विनामूल्य वाचून द्यायचे. सही करण्याआधी. पहिला रविवार आमचा, हे आजच लिहून घ्या.

तिसरी आपल्या घरांकडे. 'मुलगा चिकटला का?' याच्या पुढे एक प्रश्न विचारत चला. 'आज कोणाचे काम झाले तुझ्या हातून?' आमची आई हल्ली हे विचारते. ज्या दिवशी उत्तर असते त्या दिवशी जेवण गोड लागते.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला घ्यायचा असतो. माणूस जिवंत आहे एवढेच त्या कागदावर लिहिलेले असते. गेल्या नोव्हेंबरात काका आले तेव्हा शेजारची मुलगी रजेवर होती आणि आमचीच एक खिडकी चालू होती. त्यांनी मुकाट्याने कागद पुढे केला. आम्ही तो पूर्ण भरला, सही कुठे करायची ते दाखवले आणि त्याआधी शब्द न् शब्द मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी ऐकून घेतले, सही केली आणि म्हणाले, "असे वाचून दाखवत जा."

तेवढेच बोलले. पण त्या दिवशी शटर ओढताना आमचे तोंड उतरलेले नव्हते. पंगतीतल्या त्या गृहस्थांना आमचे हेच उत्तर आहे.